दम आणि घड्याळ

कबड्डीच्या सामन्यात पहिल्या मिनिटाला मिळालेला गुण आणि चाळिसाव्या मिनिटाला मिळालेला गुण यांची किंमत गुणफलकावर सारखीच असते. एका गुणाने जिंकलेल्या सामन्यात विजय मिळवून देणारा गुण नेमका कोणता, असे गणिताला विचारले तर त्याच्याकडे उत्तर नसते, कारण पूर्वार्धातला कोणताही एक गुण वजा केला असता तरी सामना बरोबरीतच सुटला असता. तरीही मुंबईतल्या लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी या भागांत ज्यांनी वर्षानुवर्षे मैदानाच्या दोरीला टेकून कबड्डी पाहिली, त्यांच्या स्मरणात पहिल्या मिनिटाची पकड राहत नाही; शेवटची पाच मिनिटे पुकारल्यानंतर कोणी, कोणत्या कोपऱ्यातून, किती गडी समोर असताना चढाई केली, हे मात्र तपशीलवार राहते. हा केवळ स्मरणाचा पक्षपात आहे, की शेवटच्या क्षणात इतर क्षणांत नसलेले असे काही खरोखर असते, हा एक तात्त्विक प्रश्न आहे. आणि त्या क्षणी जे घडते ते कोणाचे कर्म मानायचे, खेळाडूचे, त्याच्या सरावाचे, संघाचे की दैवाचे, हा त्याच्या पोटातला दुसरा, अधिक अवघड प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार कोणत्याही वेळबद्ध खेळाच्या आधारे करता येईल, पण कबड्डी त्यासाठी विशेष योग्य ठरते, कारण या खेळात एकाच वेळी दोन कालमापने चालू असतात. पुरुषांचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन सत्रांत खेळला जातो, हे पहिले माप. दुसरे माप चढाईचे. चढाई म्हणजे एका संघातील एकट्या खेळाडूने मध्यरेषा ओलांडून प्रतिपक्षाच्या अंगणात जाणे, ‘कबड्डी’ हा शब्द अखंड उच्चारत तेथील गड्यांना स्पर्श करणे आणि परत येणे. त्याला आज ३० सेकंद मिळतात. लागोपाठ दोन चढाया गुणाविना गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणाराच बाद होतो; तिला ‘करो या मरो’ची चढाई म्हणतात. गिरणगावात, म्हणजे मध्य मुंबईच्या या गिरणी-वस्तीत, लहानाचा मोठा झालेला प्रेक्षक ‘तिसरी चढाई’ एवढेच म्हणतो, आणि तेवढ्याने समोरच्याला सगळे कळते.

यांतले चढाईचे माप मुळात घड्याळाचे नव्हते. हुतूतू या नावाने महाराष्ट्रात हा खेळ खेळला जात होता तेव्हा चढाई किती काळ चालायची हे चढणाऱ्याच्या श्वासावर ठरत असे. एका श्वासात जितका वेळ शब्द टिकेल तितका वेळ त्याचा, आणि शब्द तुटला की तो संपला. या अखंड उच्चाराला ‘दम’ म्हणतात. मराठीत हा शब्द श्वासासाठी, धीरासाठी आणि अंगातल्या ताकदीसाठी एकत्रच वापरला जातो, आणि संस्कृतातला, इंद्रियनिग्रह या अर्थाचा, वेगळ्या मुळाचा ‘दम’ही उच्चाराने त्याच्याशी मिळतो; दोन शब्दांचे हे जुळणे योगायोगाचे असले तरी चढाईत ते अर्थपूर्ण होते, कारण तेथे श्वास धरणारा आणि इंद्रिये आवरणारा माणूस एकच असतो. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. या वाटचालीत नियम बांधले गेले आणि श्वासावर सेकंदांची मर्यादा आली. श्वास मात्र हद्दपार झाला नाही. आजही ३० सेकंद शिल्लक असले तरी उच्चार थांबला तर चढाई थांबते. देहाच्या आतला काळ आणि देहाबाहेरचा काळ एकाच माणसावर एकाच वेळी लागू असतात, आणि सामन्याच्या अखेरीस ते दोन्ही एकदम संपत येतात.

मध्य मुंबईला या दोन काळांची ओळख खेळाच्या मैदानाबाहेरही होती. कापड गिरण्यांच्या काळात परळ-लालबागचा दिवस भोंग्याने कापला जात असे. पाळी सुरू झाल्याचा आणि सुटल्याचा भोंगा हे तिथल्या हजारो घरांचे घड्याळ होते. पाळी सुटल्यावर मैदानात उतरणाऱ्या कामगाराने दिवसभर यंत्राच्या गतीला आपली गती जुळवलेली असे, आणि मैदानात त्याला प्रथमच स्वतःच्या श्वासाच्या गतीने चालण्याची मुभा मिळे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या. भोंगे थांबले, पण ना. म. जोशी मार्गावरचा श्रमिक जिमखाना, एल्फिन्स्टनचे कामगार क्रीडा भवन, दादरचे अमर हिंद मंडळ येथे कबड्डी चालू राहिली. ज्या वस्तीने आपले मोठे घड्याळ गमावले तिने लहान घड्याळाचा हा खेळ इतक्या आस्थेने जपला, याची नोंद समाजशास्त्रापेक्षा तत्त्वचिंतनाने अधिक घ्यायला हवी.

घड्याळ नसलेल्या खेळाशी तुलना केली तर घड्याळ काय करते ते स्पष्ट होते. निकाली कुस्तीत, म्हणजे एकाची पाठ जमिनीला लागेपर्यंत चालणाऱ्या कुस्तीत, शेवटचा क्षण आधी माहीत नसतो. चितपट झाल्यावरच तो शेवटचा होता असे कळते. वेळबद्ध खेळात उलट आहे. शेवट आधीच ठरलेला असतो, तो सगळ्यांना दिसत असतो, आणि तो जवळ येतो तसतसे प्रत्येक कृतीतून ‘नंतर पाहू’ हा पर्याय वजा होत जातो. विसाव्या मिनिटाला रिकामी परत येणारी चढाई ही सावधगिरी असते. एका गुणाने मागे असताना शेवटच्या मिनिटाला तीच चढाई पराभवाची कबुली ठरते. आघाडीवर असलेल्या संघाला तेच ३० सेकंद लांबच लांब वाटतात आणि तो ते मध्यरेषेजवळ घुटमळत घालवू पाहतो. म्हणजे क्षणाचे वजन क्षणात नसते, त्याच्यापुढे किती क्षण उरले आहेत यावर ते ठरते.

पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात हा विचार फार बारकाईने आला आहे. काळाचा सर्वांत लहान, पुढे न विभागता येणारा अंश म्हणजे क्षण, आणि क्षणांचे एकामागून एक येणे म्हणजे क्रम; भाष्यकारांच्या मते वस्तुतः असतो तो एकटा वर्तमान क्षण, मुहूर्त किंवा दिवस या गोष्टी बुद्धीने क्षणांची मोट बांधून तयार केलेल्या असतात. या दृष्टीने ‘शेवटचा’ हा क्षणाचा गुणधर्म होऊच शकत नाही; तो क्रमाचा गुणधर्म आहे, आणि क्रम ही बुद्धीची जुळणी आहे. इथे थांबले तर निष्कर्ष असा निघेल की शेवटच्या चढाईचे महत्त्व हा प्रेक्षकांचा भ्रम होय. पण कैवल्यपादाच्या अखेरीस हेच भाष्य पुढची गोष्ट सांगते: क्रम प्रत्यक्ष दिसत नाही, बदलाच्या शेवटच्या टोकाला तो ओळखू येतो. यासाठी दिलेला दृष्टान्त वस्त्राचा आहे. वस्त्राचे जुनेपण एके दिवशी नजरेस पडते, पण ज्या वस्त्राने मधल्या क्षणांचा क्रम अनुभवलेला नाही त्याला शेवटी जुनेपण येऊ शकत नाही. घडीत जपून ठेवलेले कापडसुद्धा दर क्षणाला झिजत असते; डोळ्याला ते शेवटीच कळते. ज्या भागाने शंभर वर्षे देशासाठी कापड विणले त्याला या दृष्टान्ताचे मर्म निराळे समजावून सांगायला नको.

शेवटच्या चढाईचा विचार या दृष्टान्ताच्या उजेडात केला पाहिजे. त्या चढाईत जे दिसते ते त्या चढाईत तयार झालेले नसते. पहाटेच्या मातीत घातलेली वर्षे, पूर्वार्धात जपलेला श्वास, समोरच्या उजव्या कोपऱ्यातल्या गड्याने दोनदा घोट्याला हात घातला तेव्हा घेतलेली नोंद, हे सगळे तेथे एकदम ओळखू येते. मनाने त्या क्षणाला मोठे मानणे हा म्हणून भ्रम नाही. शेवटचा क्षण काही निर्माण करत नसला तरी तो उघड करतो, आणि उघड करणे हेही स्वतंत्र कार्य आहे.

मात्र जे उघड होते ते नेहमी सरावाचेच असते का? भारतीय परंपरेत हा प्रश्न खेळाच्या संदर्भात विचारला गेला नाही. तो मृत्यूच्या संदर्भात विचारला गेला. कबड्डीकडून मृत्यूकडे जाणे वाटते तितके ओढून आणलेले नाही. हुतूतूच्या भाषेत बाद झालेला गडी ‘मेला’ आणि पुन्हा आत आलेला ‘जिवंत झाला’ असे म्हणतात, आणि खेळाचे जे तीन जुने प्रकार सांगितले जातात त्यांची नावेच मरणाविषयीच्या तीन भूमिकांसारखी आहेत. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडत नाही, केवळ गुण मोजला जातो, ‘गामिनी’त बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो, ‘संजीवनी’त समोरचा एक गडी मेला की आपला एक जिवंत होतो. आजची कबड्डी संजीवनीच्या वाणाची आहे. तीत मृत्यू परतवता येतो, पण तो दुसऱ्याच्या कृतीने परततो. बाहेर बसलेल्या गड्याचे जगणे आत एकट्याने दम धरलेल्या सोबत्याच्या हातात असते. अर्थात परतवण्याची ही सोय वेळ शिल्लक असेपर्यंतचीच आहे. घड्याळ संपत आले की संजीवनीचा खेळ हळूहळू गामिनी होत जातो.

अंतकाळाविषयी भगवद्गीतेच्या आठव्या अध्यायात आलेला विचार परिचित आहे: देह सोडताना मनुष्य ज्या भावाचे स्मरण करतो त्या भावाला तो जाऊन मिळतो. वरवर पाहता हा शेवटच्या क्षणाला सर्वस्व देणारा सिद्धान्त आहे, आणि त्याचा आधार घेऊन जन्मभर काहीही करावे व अखेरीस नाव घ्यावे असा सोयीचा अर्थ काढता येईल. परंतु त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की अंतकाळी तोच भाव येतो जो सदैव मुरलेला असतो, आणि लगेच पुढची आज्ञा सर्व काळी स्मरण करण्याची व त्याच वेळी युद्ध करण्याची आहे. इ. स. १२९० मध्ये ज्ञानदेवांनी मराठीत केलेल्या विवरणातही भर या मुरण्यावरच आहे. शेवटच्या क्षणाचे वजन मान्य करायचे आणि ते वजन पेलण्याची तयारी मात्र पूर्ण आयुष्यावर सोपवायची, अशी ही रचना आहे.

बौद्ध अभिधम्म परंपरेने हाच प्रश्न अधिक उघडपणे मांडला, इतका की त्यावर ग्रंथाग्रंथांत मतभेद राहिला. पुढच्या जन्माला कारण होणारे कर्म फळ देण्याच्या क्रमानुसार चार प्रकारचे मानले जाते: अतिशय भारी असे गरुक कर्म, मरणाच्या अगदी लगत केलेले किंवा आठवलेले आसन्न कर्म, वारंवार केल्याने सवयीचे झालेले आचिण्ण कर्म, आणि केवळ कधीतरी केलेले, उरलेसुरले कर्म. भारी कर्म पहिले आणि उरलेसुरले शेवटचे, यावर दुमत नाही. वाद मधल्या दोघांचा आहे. आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गात सवयीचे कर्म आधी आणि लगतचे नंतर येते. आचार्य अनुरुद्धांच्या अभिधम्मत्थसंगहात हा क्रम उलटा आहे. लगतच्या कर्माच्या बाजूने दिला जाणारा दृष्टान्त गोठ्याचा आहे: गोठा गुरांनी भरलेला असतो, सकाळी दार उघडते, आणि आत कितीही धष्टपुष्ट बैल असले तरी दाराशी असलेली म्हातारी गायच प्रथम बाहेर पडते.

खेळाच्या भाषेत हा वाद असा होतो. शेवटच्या मिनिटाला दार उघडते तेव्हा बाहेर कोण पडणार, वर्षांचा सराव की त्या घटकेला मनाच्या दाराशी उभी असलेली एखादी क्षुल्लक गोष्ट: मागच्या चढाईतली चूक, समोरच्याचा टोमणा, नुसती भीती? ज्याने दहा वर्षे एक कौशल्य घोटले त्याचा पाय ऐन वेळी थबकतो, आणि ज्याच्याकडून कोणाची अपेक्षा नसते तो तीन गडी मारून येतो; या दोन्ही गोष्टी कोणत्याही नियमित प्रेक्षकाने पाहिलेल्या असतात. अमेरिकेत बेसबॉलच्या अभ्यासकांमध्ये १९७० च्या दशकापासून असाच वाद चालू आहे, की अटीतटीच्या वेळी चमकणे हा काही खेळाडूंचा टिकाऊ गुण असतो, की मोठ्या संख्येतून दिसणारा केवळ योगायोग. आकडेवारीचा कल बहुधा सवयीच्या बाजूने, म्हणजे बुद्धघोषांच्या बाजूने, जातो: ऐन वेळी चांगला खेळणारा तोच, जो एरवीही चांगला खेळतो. गोठ्याच्या दृष्टान्ताला याने पूर्ण उत्तर मिळत नाही, कारण आकडे अनेक सकाळींची सरासरी सांगतात, आणि गाय एका विशिष्ट सकाळी बाहेर पडते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ज्या दादरमध्ये राजगृह आणि चैत्यभूमी आहेत, तेथे बौद्ध कर्मविचार उद्धृत करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भूमिकेकडे दुर्लक्ष करता येणार नाही. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी मागील जन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते ही कल्पना नाकारली आणि कर्माचा नियम हा समाजाच्या नैतिक व्यवस्थेचा नियम म्हणून मांडला. ती भूमिका स्वीकारली तर अभिधम्माचे हे वर्गीकरण पुनर्जन्माच्या हिशेबातून मोकळे होते आणि याच आयुष्यातल्या कृतीच्या उगमाबद्दल बोलू लागते. प्रस्तुत विवेचनात ते तेवढ्याच अर्थाने घेतले आहे, आणि तेवढ्या अर्थाने ते पुरेसे आहे.

सराव देहात नेमका कोठे राहतो, याचे उत्तर न्याय-वैशेषिक दर्शनात संस्कार या संकल्पनेने दिले आहे. संस्कार हा तेथे एक गुण मानला असून त्याचे तीन भेद आहेत: वेग, म्हणजे सुटलेल्या बाणाला पुढे नेणारी गती, भावना, म्हणजे अनुभवाने आत्म्यात उरणारा व पुढे स्मृती जागवणारा ठसा, आणि स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेली फांदी सोडताच तिला मूळ जागी आणणारी शक्ती. चांगल्या चढाईत हे तिन्ही शब्दशः पाहायला मिळतात. ‘निदान रेषे’पलीकडे, म्हणजे प्रतिपक्षाच्या अंगणातली जी रेषा चढाईत ओलांडायची असते तिच्यापलीकडे, झेपावलेल्या देहात वेग असतो. कोपऱ्यातल्या गड्याचा खांदा किंचित खाली गेला की आता तो पायात शिरणार हे विचार न करता कळते ती भावना. आणि तीन हातांच्या विळख्यातून देहाचा मध्यरेषेकडे ताणला जाणारा कल हा स्थितिस्थापक. या पातळीवर पाहिले तर शेवटच्या चढाईत ‘निर्णय’ असा काही उरतच नाही. बाण सुटलेला असतो. अनुभवी खेळाडू ऐन चढाईत काय मनात होते हे नंतर सांगू शकत नाहीत, याचे कारण बहुधा हेच असावे.

तरीही एक प्रसंग या उत्तराला अपुरे ठरवतो, आणि तो दादरशी जोडलेला आहे. २४ नोव्हेंबर १९९३ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर हीरो कप स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात ६ धावा हव्या होत्या, आणि ते षटक टाकायला त्या सामन्यात तोवर एकही चेंडू न टाकलेला २० वर्षांचा सचिन तेंडुलकर पुढे आला. त्याने ३ च धावा दिल्या आणि भारत २ धावांनी जिंकला. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या देखरेखीखाली त्याने वर्षानुवर्षे घोटलेले कौशल्य फलंदाजीचे होते. गोलंदाजी ही आचिण्ण नव्हती, निदान त्या तोलाची नव्हती. संघात त्याच्यापेक्षा मुरलेले गोलंदाज हजर होते. येथे दाराशी असलेली गायच बाहेर पडली असे म्हणावे, तर ती योगायोगाने दाराशी नव्हती. ती स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली होती. संस्कारांची उपपत्ती चेंडू कसा पडला हे सांगू शकते, पण चेंडू मागून घेण्याचे धैर्य ती पुरते सांगू शकत नाही.

हे पुढे येणे हाच कर्त्याचा भाग होय, असे येथे सुचवायचे आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे कर्म जेथे घडते ते क्षेत्र किंवा देह; कर्ता; करणे, म्हणजे साधने व इंद्रिये; नाना प्रकारच्या चेष्टा, म्हणजे हालचाली; आणि पाचवे दैव. जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असेही तेथे म्हटले आहे. या मांडणीचा अर्थ कर्त्याचे उच्चाटन असा अनेकदा केला जातो. परंतु पाच कारणांत कर्ता हे एक कारण आहेच, ते वगळलेले नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘गीतारहस्या’त गीतेचे तात्पर्य कर्मत्यागात न पाहता फलाशा सोडून केलेल्या कर्मात पाहिले, ते कर्त्याचा पाचांतला हा एक हिस्सा खरा मानल्यामुळेच शक्य झाले. हिस्सा पाचांतला एकच असला तरी त्याच्या जागी दुसरे कोणी उभे राहू शकत नाही. मैदान मिळते, देह सराव करून तयार होतो, हालचाली संस्कारांतून येतात, निकाल अनेक हातांत असतो. उरलेल्या अडीच मिनिटांत कोण जाणार या प्रश्नावर मध्यरेषेकडे पाऊल टाकणे एवढेच कोणा एकाचे असते.

दैवाचा हिस्सा किती विचित्र रीतीने प्रकट होतो, हे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतील भारत-इराण अंतिम सामन्यात दिसले. २८-२८ अशी बरोबरी होती, ६५ सेकंद उरले होते, आणि कर्णधार पवन सेहरावत ‘करो या मरो’ची चढाई करत होता. कोणालाही स्पर्श न होता तो राखीव क्षेत्रात, म्हणजे बाजूच्या पट्ट्यात, गेला आणि त्याच्यामागून इराणचे बचावपटूही गेले. जुन्या नियमाने मागून गेलेलेही बाद, नव्या नियमाने केवळ चढाई करणारा बाद. कोणता नियम लागू यावर वाद पेटला आणि सामना जवळजवळ तासभर थांबला. अखेरीस भारत ३३-२९ असा जिंकला. ३० सेकंदांच्या कृतीचा अर्थ ठरवायला घड्याळ थांबवून तासभर चर्चा करावी लागली, आणि ज्यांच्या देहांनी ती कृती केली ते दोन्ही संघ त्या काळात मॅटवर बसून राहिले. आपल्या कर्माचे फळ आपल्या हातात नाही, हे इतके उघडे क्वचितच पाहायला मिळते.

यातून जो निष्कर्ष निघतो तो प्रेक्षकांना अडचणीचा आहे. शेवटच्या चढाईत कर्त्याचे असे काही असेल तर ते त्याचे जाणे होय, परत येणे नव्हे. कारण परत येण्यात समोरच्या सात जणांचा, पंचांचा, मॅटच्या घसरणीचा आणि दैवाचा वाटा आहे. मग ज्याची त्या चढाईत पकड झाली तो आणि जो गुण घेऊन परतला तो, हे दोघे कर्तेपणाच्या दृष्टीने समान ठरतात. असे असूनही पहिल्याचे नाव वाडीत वर्षानुवर्षे हळहळीने घेतले जाते आणि दुसऱ्याची मिरवणूक निघते. ज्यांनी ती चढाई नाकारली, नजर चुकवून मागे सरकले, त्यांचे नाव तर कोणी घेतच नाही, कारण त्यांनी लक्षात राहण्याजोगे काहीच केले नाही. या वाटणीत अन्याय आहे, आणि तो लहान नाही. ज्या वस्तीतल्या कामगारांनी एक मोठा संप केला आणि तो हरले, त्या वस्तीला तरी हे ठाऊक असायला हवे की मागे न सरकण्याची किंमत निकालाने ठरत नाही. परळ-लालबागच्या जुन्या पिढीत पकड होऊन पडलेल्या गड्याला हात देऊन उठवताना त्याच्या पाठीवर जी थाप पडते, तीत हे ज्ञान शब्दांवाचून आहे असे मानायला जागा आहे. निष्काम कर्माचा उपदेश बहुधा करणाऱ्याला केला जातो. पाहणाऱ्याला तो अधिक लागू आहे, कारण चढाई करणाऱ्याला ऐन क्षणी फळाचा विचार करायला सवड नसते, आणि पाहणारा फळाखेरीज काही पाहत नाही.

कबड्डीच्या नियमावलीत या संदर्भात एक लहानशी तरतूद आहे, जिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. सत्राची वेळ संपली तेव्हा एखादी चढाई सुरू असेल, तर ती मध्येच तोडली जात नाही. ती पूर्ण होऊ दिली जाते आणि तिचा गुण धरला जातो. सामन्याचे घड्याळ शून्यावर उभे असते, बाहेरचा काळ सर्वांसाठी संपलेला असतो, आणि समोरच्या अंगणात एक माणूस अजून ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत असतो. जोवर त्याचा दम चालू आहे आणि त्याचे ३० सेकंद सरलेले नाहीत, तोवर पंच शिट्टी वाजवत नाहीत.